तीन पावसाळ्यांचं घर

बाईंच्या कपड्यांना कायम धुराचा वास यायचा. आम्ही पनवेलला बँकेत गेलो की रांगेतली माणसं जरा बाजूला सरकायची. बाईंना ते कळायचं. मागे वळून त्या मला म्हणायच्या, "बघ मंदा, रांग कशी पटकन पुढे गेली." मी पिशवी धरून खाली बघायची. मला चारचौघांत कुणी नुसती नावानं हाक मारली तरी घाम फुटतो. बाईंना मात्र कुणी टक लावून बघितलं की हुरूप यायचा. सगळी नोकरी वर्गापुढे उभं राहण्यात गेली होती, त्याचं ते असावं.

त्या पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. नोकरी संपल्यावर नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली, वडिलांच्या शेतावरच्या घरात येऊन राहिल्या. मी त्याच गावात दिलेली. आमचं घर बांधापलीकडे, म्हणून त्यांच्याकडे झाडलोटीला आणि स्वयंपाकाला जायला लागले. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, मीही बाईच म्हणायची. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

घर लहानसंच. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. वडिलांच्या वेळी वर गवत होतं, पुढे बाईंच्या भावानं सिमेंटचे पत्रे घातले. बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग त्या जपानला जाऊन आल्या.

शाळेतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर गेल्या होत्या. मोठी शहरं बघितली, वेगात जाणारी आगगाडी बघितली, पण त्याबद्दल कुणी विचारलं तर "हो, चांगली होती" एवढंच म्हणायच्या. बोलायच्या त्या एका गावाबद्दल. लांब डोंगरात, वळणावळणाच्या रस्त्यानं जायचं. थंडीत तिथं माणूस बुडेल इतकं बर्फ पडतं. त्या गावात शेतकऱ्यांची फार जुनी घरं राखलेली आहेत आणि त्यांत अजून माणसं राहतात. छप्पर गवताचं, आणि इतकं उभं की नमस्काराला दोन हात जोडावेत तसं. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. छपराच्या लाकडांना खिळा नाही, सगळं दोरांनी आवळलेलं. बाईंनी अशाच एका घरात मुक्काम केला. घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल होती आणि घरची म्हातारी तिच्यात सारखं लाकूड सरकवत होती. थंडीचे दिवस नव्हते, स्वयंपाकही झालेला होता. बाईंनी बरोबरच्या दुभाषी मुलीला विचारायला लावलं, की मग ही चूल कशासाठी? म्हातारीनं वर छपराकडे बोट केलं. धूर मिळाला नाही तर गवताला कीड लागते, दोर कुजतात. ही चूल घरासाठी पेटवायची.

"मंदा, सत्तरीला आले तरी हे मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

मला माहीत होतं. माझ्या माहेरी गवताचंच घर होतं आणि पावसाळ्यात आई दुपारचीही चूल विझू द्यायची नाही. पण बाई इतक्या रंगून सांगत होत्या की मी ऐकत राहिले.

त्या दिवाळीनंतर बाईंनी पत्रे उतरवले. गावात हसं झालं. लोक गवत काढून पत्रा घालतात, पत्रा काढून स्लॅब घालतात, आणि बाई उलट्या निघाल्या. माझी सासू म्हणाली, "लोकां फॉरेनला जाऊन सायब होऊन येतात, ही ठाकरीण होऊन आली." हे मी बाईंना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कुठून तरी कळलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या स्वतःच ते सांगायच्या.

गवत शाकारता येणारा माणूस आता एकच उरला होता, वरच्या ठाकरवाडीतला, आदिवासी वस्तीतला, कमळूदादा. त्यानंही बरीच वर्षं ते काम केलं नव्हतं. बाईंनी त्याला ओटीवर बसवला आणि जपानच्या घरांचे फोटो पुढे मांडले. कमळूदादानं एकेक फोटो हातात घेऊन, लांब धरून, जवळ धरून बघितला. मग विचारलं, "एवढा उतार कशाला? तिथं पानी आडवा पडतो काय?" बाईंनी बर्फाचं सांगितलं. ते त्याच्या फारसं ध्यानात आलं नाही. बांधलंय कशानं, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या दोरानं, आणि ओल्या फांद्या पिळून त्यांच्या वेढ्यांनी. कमळूदादाची मान हलली. "आनि खाली चूल?" त्यानं विचारलं. बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. आपण न सांगता या माणसाला हे कसं कळलं, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळूदादानं फोटो खाली ठेवले. "हे आपलेच लोक हायेत," तो म्हणाला. "जरा लांब ऱ्हातात."

जपानच्या त्या डोंगरातल्या गावात म्हणे एका घराचं छप्पर बदलायचं असलं की सगळा गाव येतो आणि हातोहात काम उरकतो. आपणही तसंच करायचं, असं बाईंनी ठरवलं. त्यांनी पनवेलला जाऊन पत्रिका छापून आणली. छान जाड कागद, वर त्यांनी स्वतः काढलेलं घराचं चित्र, खाली 'आमच्या घराच्या शाकारणीस सहकुटुंब यावे'. ती पत्रिका त्यांनी घरोघर फिरून दिली. मी मागे होते. आमच्यात कामाला बोलवायचं तर असं बोलवत नाहीत. आदल्या दिवशी बांधावरून हाक मारतात, उद्या ये रे म्हणून. छापील पत्रिका आली म्हणजे पूजा किंवा लग्न. मला हे दिसत होतं. दोन घरं झाल्यावर सांगावं असंही मनात आलं, पण बाई पुढे चालत राहिल्या आणि मी मागे.

त्या दिवशी सगळा गाव आला. बायका जरीच्या साड्या नेसून, केसांत गजरे घालून. पुरुष पांढऱ्या शर्टात. हातात नारळ, खण. बाई साडी खोचून, केसांत गवत अडकलेल्या, बांबूच्या शिडीवर चौथ्या पायरीवर उभ्या. खाली वाडीतले दहा-अकरा ठाकर पेंढ्या बांधत होते. लोक नारळ हातात धरून अंगणातच थबकले. मग माझ्या सासूनं विचारलं, "भटजी कुठं हाय?" बाईंनी वरूनच सगळ्यांकडे बघितलं आणि चूक कुणाची ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या इतक्या हसल्या की कमळूदादानं येऊन शिडी धरली. "नारळ आत ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि ज्यांना साडीची काळजी नाही त्यांनी इकडे या." निम्मे लोक जेवायची वाट बघत आंब्याखाली बसले. पण निम्मे आले. माझी सासू जरीचा पदर खोचून दुपारपर्यंत पेंढ्या वर देत होती. संध्याकाळी घर डोक्यावर नवा केशरी टोप घातल्यासारखं दिसायला लागलं.

पण ते घर बाईंच्या एकटीचं नव्हतं. अर्धं त्यांच्या भावाचं, आणि भाऊ गेल्यावर भाच्याचं, मिलिंददादांचं. ते उलव्याला राहायचे. विमानतळामुळे आमच्याकडे जमिनी बघायला रोज कुणी ना कुणी यायचं, आणि मिलिंददादांना इथं पक्का बंगला हवा होता. माणूस वाईट नव्हता. आत्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. नवं छप्पर बघून मिलिंददादा ओटीवर बसले आणि म्हणाले, "आत्या, हे किती दिवस टिकणार? एक पाऊस?"

"तीन," बाई म्हणाल्या.

"तीन पावसाळे टिकलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही टिकलं तर मी म्हणेन तसं."

बाईंनी माझ्याकडे आणि कमळूदादाकडे बघितलं. कमळूदादा म्हणाला, धुरात राहिलं तर तीन वर्सांची खात्री मी देतो. बाईंनी मिलिंददादांच्या हातावर टाळी दिली.

तेव्हापासून चूल हे त्यांचं देवपूजेसारखं झालं. गॅस होता, तो चहापुरताही वापरायच्या नाहीत. सकाळी सातला चूल पेटायची. स्वयंपाक झाला की ओलसर लाकूड सारून ती दुपारपर्यंत धुमसत ठेवायची. बाई तिथेच पाटावर बसून पेपर वाचायच्या. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पदरानं पुसून पुढची ओळ वाचायच्या. कुणी पाहुणा आला की आधी त्याला आत नेऊन वर वाशाला हात लावायला लावायच्या. बोटं काळी व्हायची. "हे याचं पॉलिश," त्या सांगायच्या. जमिनीचे दलाल आले तर त्यांना चुलीवरचा धुरकट चहा देऊन त्या जपानच्या गावाचे तीन नियम बोटांवर मोजून ऐकवायच्या: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. एकानं विचारलं, "बाई, जपानचे नियम नेऱ्याला कसे लागतील?" बाई म्हणाल्या, "मी लावले की लागतील."

त्यांना भीती फक्त आगीची. जपानच्या त्या गावात म्हणे सगळीकडे पाण्याचे फवारे बसवलेत आणि लोक मिळून ते चालवून बघतात. बाईंनी अंगणात पाण्याची दोन पिंपं आणि वाळूच्या बादल्या ठेवल्या. दर रविवारी आमची तालीम. बाई टाळी वाजवायच्या, मी "आग, आग" ओरडत बादली घेऊन धावायचं. धावायची मी. ओरडायला मात्र जमायचं नाही. तोंड उघडायची, आवाज घशातच राहायचा. रस्त्यानं जाणारी पोरं हसायची. बाईंनी बरेच रविवार प्रयत्न केला. शेवटी म्हणाल्या, "अगं, घर जळून गेलं तरी तू तोंडातल्या तोंडातच सांगशील." आणि मला त्यांनी एक थाळी आणि पळी दिली, ओरडण्याऐवजी वाजवायला.

पहिला पावसाळा गेला. एक थेंब गळला नाही. दुसरा गेला. मागच्या बाजूला थोडं गवत खाली आलं होतं, कमळूदादानं ते चार पेंढ्यांत नीट केलं. मिलिंददादा गणपतीला आले तेव्हा स्वतःच वर हात लावून बघून हसले. "आत्या, मी हरणार असं दिसतंय," म्हणाले. दादा गेल्यावर बाईंनी मला डब्यातले पाच लाडू घरी न्यायला दिले.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर बाई अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मिलिंददादांनी त्यांना उलव्याला आपल्या घरी नेलं. चार महिने हलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. जायच्या आधी बाईंनी माझा हात धरला. त्यांना दुखत होतं, बोलणं तुटक येत होतं. "मंदा, फक्त चूल. बाकी काही नाही केलंस तरी चालेल. हा एक पाऊस."

मी हो म्हटलं. कमळूदादालाही त्याचा मुलगा उलव्याला बांधकामावर गेला तेव्हा सोबत घेऊन गेला होता. म्हणजे घराला मी एकटीच होते.

महिनाभर मी रोज गेले. सकाळी कुलूप काढायचं, चूल पेटवायची, दोन तास बसायचं. मग शेजारच्या जागेत कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणाची भिंत बांधायला माणसं आली. सात-आठ जण, परमुलुखातले. पाऊस आला की ती बाईंच्या ओटीवर येऊन बसायची, पत्ते खेळायची. पाऊस तर रोजच होता. पहिल्या दिवशी मी अंगणात पोचले, ती सगळी ओटीवर पाय पसरून बसलेली. एक जण म्हणाला, "भाभी, चाय मिलेगी क्या?" बाकीचे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. पावसात भिजलेली माणसं, त्यांना चहा हवा होता. चूल पेटवून एक टोप चहा ठेवला असता तर घरही राहिलं असतं आणि त्यांचे आशीर्वादही मिळाले असते. बाई असत्या तर त्यांनी त्यांच्याकडून लाकडं फोडून घेतली असती.

मी मागे फिरले. दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत गेले, ओटीवर माणसं दिसली, परत आले. तिसऱ्या दिवशी बांधापर्यंतही गेले नाही. घरी नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आला असता बरोबर. पण तो त्यांच्याशी भांडला असता, गावात बोलणं झालं असतं, माझं नाव निघालं असतं. मी मनाशी म्हणत राहिले, चार दिवसांनी ती जातील. चार दिवसांनी काय बिघडतं.

दर रविवारी बाईंचा फोन यायचा, माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर. पहिलं तेच विचारायच्या. "पेटते का गं?"

"पेटते, बाई."

"धूर वरपर्यंत जातो ना? दारं लावून घेतेस ना?"

"हो बाई."

एकदा खोटं बोलल्यावर पुढचं खोटं सोपं होत गेलं. माणसं गेली ती गणपतीच्या सुटीला. मी त्याच सकाळी धावत गेले. दार उघडलं तर आत आंबूस वास. चुलीवर पांढरी बुरशी. वर बघितलं तर गवतातून पीठ गळत होतं, किडीचं. आढ्याजवळ अळंबी उगवली होती. मी तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाळ केला. घरात माणूस दिसेना इतका धूर केला. चौथ्या दिवशी वाऱ्याचा पाऊस आला आणि छपराचं मागचं पाखं सगळंच खाली बसलं. दोर तुटले नव्हते. हातात घेतल्यावर ते मातीसारखे सुटत होते.

पाखं पडल्याचं कळलं तशा बाई आल्या, डॉक्टरांचे चार महिने भरले नव्हते तरी. मिलिंददादांनी त्यांना धरून गाडीतून उतरवलं. कमळूदादाही निरोप कळून उलव्याहून त्यांच्याच गाडीत आला होता. बाईंनी काठी टेकत आत जाऊन वर बघितलं. पाखं पडलेल्या जागेतून आभाळ दिसत होतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "धूर होता ना गं रोज?"

मी म्हटलं, "होता."

कमळूदादानं खाली पडलेली एक पेंढी उचलली. मोडून बघितली, नाकाशी नेली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण त्याला सगळं कळलं होतं. ज्यानं जन्मभर गवत हाताळलं त्याला धूर मिळालेलं आणि न मिळालेलं गवत ओळखायला काय लागतं? मी पदराचं टोक धरून उभी होते. आता हा बोलेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बोलावं असंही वाटलं.

"गवतच कच्चं व्हतं, बाई," तो म्हणाला. "वल्लं कापलं मी. माजी चूक."

मी तेव्हाही बोलले नाही.

मिलिंददादा म्हणाले, "आत्या, जाऊ दे. हवं तर पुन्हा घालू." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण बाईंनी मान हलवली. "नाही. ठरलं होतं." दसऱ्यानंतर जेसीबी आला. कुडाच्या भिंती पडायला अर्धा तासही लागला नाही. त्या दिवशी बाई आल्या नाहीत. मी बांधावर उभी होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी उलव्याला त्यांना भेटायला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. 'बाई, मी चूल पेटवली नव्हती.' एवढंच तर वाक्य. रिक्षात ते मी घोकत होते. चौदाव्या मजल्यावर दार उघडलं तर हॉलमध्ये मिलिंददादांच्या बायकोच्या चार मैत्रिणी बसलेल्या. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. अंगात गाऊन, केस कापलेले. मला बघून त्यांना आनंद झाला. शेजारी बसवून घेतलं. सासूची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. मग म्हणाल्या, "कमळू इथंच कुठंतरी कामावर आहे. मी दोनदा निरोप धाडला. येत नाही. त्याला वाटतं, त्याच्यामुळे घर गेलं."

त्या माझ्याकडे बघत होत्या. समोरच्या बायका आपलं बोलणं थांबवून ऐकत आहेत असं मला वाटलं. मी चहाचा कप उचलला.

निघताना बाई लिफ्टपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी काठी टेकत आल्या. लिफ्ट आली. आत एक हेल्मेट घेतलेला माणूस होता. मी आत शिरले. दार मिटायला लागलं तशी बाईंनी काठी मधे घातली. दार परत उघडलं.

"काही सांगायचं होतं का गं तुला?"

लिफ्ट पीप पीप वाजायला लागली. तो माणूस घड्याळ बघत होता. बाई काठी तशीच धरून उभ्या होत्या, काही घाई नसल्यासारख्या. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "तब्येतीला जपा."

वर्गात उभं राहून उत्तर देता न आलेल्या मुलीला खाली बसायला सांगतात, तशी त्यांनी मान हलवली, आणि काठी काढून घेतली.